साडूचा ढीग

१

माझ्या डाव्या खांद्यावर दातांची खूण आहे. कुत्र्याच्या नव्हे, साडूच्या. माझ्याच लग्नात चावला.

त्याचं असं झालं, की हा आमच्या सासऱ्यांचा मोठा जावई पांढरेशुभ्र कपडे घालून हॉलभर असा मिरवत होता, की पाहुणे मला ओलांडून त्यालाच शुभेच्छा द्यायला लागले. माझं पित्त खवळलं. मी त्याच्या बुटात बेडूक सोडला. जिवंत. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. फोटोवाला फोटो काढत राहिला आणि मोठ्या जावयाने धाकट्या जावयाला कोटासकट चावा घेतला. चावून झाल्यावर माझ्या कानात एक शब्द म्हणाला. शिवी म्हणावी तर शिवी नाही, लाड म्हणावा तर त्याहून नाही. जागच्या जागी बनवलेला, ताजा, फक्त माझ्या मापाचा. तेव्हापासून आम्ही दोघंच असलो की तो मला त्याच नावाने हाक मारायचा. बायकांना ठाऊक नाही, पोरांना ठाऊक नाही. जगात तो शब्द दोघांकडेच.

तो मी शेवटी सांगणार आहे. तोवर शिकल्यासवरल्या माणसांसारखं गप बसायचं.

आता हे लिहितोय का? तर तोंडाने सांगायला गेलो की लोक आधीच हसायला लागतात. आयुष्यभर थट्टा केली की असं होतं. आणि जे हसत नाहीत ते म्हणतात, "जळतोय म्हातारा." लिहिलेलं वाचताना निदान कुणी मध्ये बोलत नाही. चुका सापडल्या तर मला सांगू नका. सातवीत मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर अजून वाद आहे.

२

साडू म्हणजे एकाच दुकानातनं माल घेतलेली दोन गिऱ्हाइकं. जन्मभर एकमेकांच्या पिशवीत डोकावत बसायचं. (ही ओळ आमच्या हिला दाखवू नका.)

त्याची सायकल माझ्याआधी आली. स्कूटर माझ्याआधी. केससुद्धा त्याचे आधी गेले, तर लोक म्हणाले टक्कल शोभतं हो तुम्हाला. माझे गेले तेव्हा विचारलं, आजारी होतात का? तोंडात चोवीस तास तंबाखू, भिंत दिसली की पिचकारी, म्हणून सगळे त्याला पिचकारीच म्हणायचे, पण त्यातही कौतुक. मी एकदा थुंकलो तर दंड झाला.

आम्ही दोघं एकाच धंद्यात म्हातारे झालो. धंदा म्हणजे मातीची धुणीभांडी. बंद पडलेल्या कारखान्यांखालची जमीन नासलेली असते. ती साफ करायची, मग तिच्यावर लोक घरं बांधतात आणि गच्चीत कुंड्या लावतात. ही गोष्ट घडली ती जागा जुन्या रंगाच्या कारखान्याची. तेल, रंग, पातळ करायची औषधं, सगळं वर्षानुवर्षं जमिनीने प्यायलेलं. खणलं की माती निळी-जांभळी निघायची, आणि वास असा की डोक्यात खिळा ठोकल्यासारखा. मधून खडीचा रस्ता. त्याच्या उगवतीचा अर्धा माझ्या टोळीकडे, मावळतीचा साडूच्या.

काम सरळ आहे. नासकी माती खणायची, दगड चाळून काढायचे, पाणी आणि थोडं खत मिसळून तिचा लांबलचक ढीग घालायचा. ढिगात भोकांच्या नळ्या, वरून काळं प्लास्टिक, टोकाला पंखा. पंखा ढिगातून हवा ओढतो. हवा मिळाली की मातीतले न दिसणारे जंतू तेल खायला लागतात. खाऊन ढेकर दिली की माती साफ. मग नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवायचा. पास झाली की परत खड्ड्यात.

पूर्वी नमुना म्हणजे गंमत होती. ढिगावरची त्यातल्या त्यात बरी दिसणारी माती उचलायची, बाटलीत टाकायची, चहा प्यायला जायचं. मग गुणवत्ता तपासणाऱ्या बाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, डोक्यावर पिवळी टोपी, हातात कायम पाण्याची बाटली, आणि प्रश्न असा विचारायच्या की आपण उत्तर द्यायच्या आतच आपल्याला लाज वाटावी. त्यांनी सगळं बदललं. नमुना ढिगाच्या पोटातून काढायचा. दर वेळी चमचा धुवायचा, दर वेळी नवे हातमोजे. आणि बाटली गळ्यापर्यंत ठासून भरायची, आत हवा ठेवायचीच नाही.

"का ते सांगा," बाई सगळ्यांदेखत मला म्हणाल्या.

"हवा महाग झाली असेल," मी म्हटलं.

"काका, जी घाण उडून जाते तीच खरी मोजायची असते. बाटलीत पोकळी राहिली की ती मातीतून उठून पोकळीत जाऊन बसते. झाकण उघडलं की भुर्र. मग प्रयोगशाळेने काय, तुमचं तोंड तपासायचं?"

साडू खो खो हसला. माझी जिरली. दुसऱ्या दिवशी मी रबरी हातमोजा वाळूने भरून बाईंच्या तपासणीच्या ढिगात असा खोचला की चार बोटं बाहेर. बाईंची किंकाळी थेट फाटकापर्यंत गेली. मग त्या हसल्या. मग त्यांनी मला दुपारभर सुरक्षिततेचं व्याख्यान ऐकवलं. तेव्हा वाटलं, सौदा फायद्यात गेला. पण तो हातमोजा पुढे मला फार महाग पडला, ते लक्षात ठेवा.

फाटकाशी फळा लावला होता. ढीग नासका तर लाल झेंडी, सुधारतोय तर पिवळी, पास झाला की हिरवी. ज्याची बाजू आधी हिरवी तो पुढच्या जागेवर मुकादम. दुसऱ्याने घरी बसून वाटाणे सोलायचे. माझी झेंडी लालच होती.

साडूची हिरवी झाली.

३

पहिली हिरवी झाली तेव्हा मी म्हटलं नशीब. दुसरा ढीग घातला, तोही बघता बघता हिरवा. तेव्हा म्हटलं लबाडी. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला माहीत आहे. पण इथे अंगण दोघांचं एकच होतं. तीच माती, तेच खत, तोच पंखा. माझा ढीग मढ्यासारखा थंड. त्याच्या ढिगात बाई तापमापी खुपसायच्या, तर काटा अंगात ताप असल्यासारखा चढलेला.

मी त्याच्यावर पाळत ठेवली. तो काही वेगळं करत नव्हता. फक्त इतर कुणी करत नाही असं एकच करायचा: हातमोजे काढून ढिगावर हात ठेवून उभा राहायचा. गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

एकदा चहाच्या वेळी त्याने कप उचलला आणि माझं लक्ष त्याच्या बोटांवर गेलं. त्याची उजव्या हाताची दोन बोटं तंबाखू चिमटून चिमटून पिवळी झालेली, मी ओळखतो तेव्हापासून. लिंबाने घासली, रॉकेलने घासली, कधी गेली नाहीत. आणि अंगठ्याच्या नखावर काळा डाग, लहानपणी दारात चेमटलेलं. आज ती बोटं गुलाबी होती. नख स्वच्छ. नुकत्या जन्मलेल्या पोरासारखा हात, आणि त्याच्या मागे म्हातारा.

"काय रे पिचकारी," मी म्हटलं, "या वयात हात रंगवून घेतलेस की काय? मेव्हणीला कुणी सवत आणतोस?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. म्हणजे आता तो शब्द यायला हवा. मी कान टवकारून बसलो.

साडू हसला. छान, सरळ, दात दाखवून. कवळीसुद्धा पांढरी. "बरं वाटतं रे हल्ली," म्हणाला. "तुझं कसं चाललंय? ढीग तापत नाही म्हणे. काही मदत हवी का?"

मदत! मी चहा तसाच टाकून उठलो.

४

घरी हा विषय काढायची सोय नव्हती, कारण घरी तोच विषय होता.

"भाऊजींनी तंबाखू सोडली," ही म्हणाली. "आणि तुम्ही?"

"मी धरलीच कुठे होती?"

"मग दुसरं काहीतरी सोडा. खोड्या सोडा. ताई सांगत होती, भाऊजी हल्ली आवाजसुद्धा चढवत नाहीत. कपाट आवरतात. जेवल्यावर ताट स्वतः घासतात."

"ताट घासलं म्हणून माणूस देव होत नाही."

"जळा तुम्ही. जळण्यापलीकडे काय केलंत जन्मभर?"

आता हे खरंच होतं, त्यामुळे मला जास्त राग आला.

सुट्टीच्या दिवशी दोघं जेवायला आली. साडूने दारातच माझा हात हातात घेतला आणि बायकांच्या देखत म्हणाला, "लग्नात मी तुला चावलो होतो. चुकलंच माझं. मनातून काढून टाक."

ही डोळे पुसायला लागली. मी हात सोडवून घेतला. अहो, ते भांडण अर्धं माझं होतं! मी ते इतकी वर्षं जपलं, वाढवलं, रोज पाणी घातलं. कुणाची परवानगी घेऊन याने मिटवलं? माझ्या हिश्श्यासकट? आणि बेडकाचं नावसुद्धा काढलं नाही. मी आठवण करून दिली तर म्हणाला, "बेडूक होता का?" थट्टा नव्हती ती. बघत होता माझ्याकडे, पाणी भरलेल्या बादलीत बघावं तर तळ दिसावा, तसे डोळे.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आपल्यात म्हणतात. याची गेली होती. मी ती म्हण मनात दोनदा म्हणून पाहिली, आणि दुसऱ्यांदा मला ती आवडली नाही.

जेवणानंतर मेव्हणी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. मी पाणी प्यायला गेलो. ती एरवी माझ्याशी धड बोलत नाही, कारण बेडूक तिच्याच नवऱ्याच्या बुटात होता.

"तुम्हाला काही वाटतं का हो, यांच्यात?" तिने हळूच विचारलं.

"साधू झालाय. तुझी चैन आहे."

"कपड्यांना वास येत नाही," ती म्हणाली. "धुवायला टाकतात ना, त्यांना. घामाचासुद्धा नाही. उशीला नाही. मी काल उशी नाकाला लावून बसले होते, वेड्यासारखी." मग नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. "आणि मी दुसऱ्या खोलीत असले ना, की ते नुसते बसलेले असतात. खुर्चीत. काहीच नाही. मी आले की हसायला लागतात."

बाहेरून साडूचा आवाज आला, "ताटं राहू द्या, मी घासतो."

५

मी बाईंकडे गेलो. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत त्या एकट्याच, समोर साडूच्या ढिगाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या.

"बाई, त्याच्या ढिगात काहीतरी आहे."

"हातमोजा?" बाई वर न बघता म्हणाल्या.

"थट्टा नाही."

"काका, तुम्ही थट्टा नाही म्हणता तेव्हाच मी खुर्ची तपासून बसते." पण मग त्यांनी एक बाटली उचलून उजेडात धरली. आतली माती फिकी, भुसभुशीत, पिठासारखी. "मला सांगा, तुमच्या बागेतली माती कधी एवढी साफ असते?"

"मला बाग नाही. साडूला आहे."

"बागेतल्या मातीतही काही ना काही निघतं. पानं कुजलेली, किडे, मूळ. हिच्यात काहीच निघत नाही. मी दोनदा परत पाठवली. वेगळ्या प्रयोगशाळेत पाठवली. तेच." बाटली खाली ठेवली. "जंतू घाण खातात म्हणजे घाण नाहीशी होत नाही, काका. तिचं दुसरं काहीतरी होतं. नळीतून वाफ निघते, ती मोजता येते. तुमच्या ढिगाची निघते. त्यांच्या ढिगाची नाही. ढीग तापतोय, खातोय, आणि बाहेर काही टाकत नाहीये."

"मग?"

"मग काय. पास आहे. पास झालेल्याला नापास करायला माझ्याकडे नियम नाही." मग हसल्या, पण अर्ध्यातच. "तुम्हाला पोटदुखी आहे हे मला कळतं हो. पण माझ्याही पोटात दुखतंय, आणि मला तर कुणी साडू नाही."

मी बाहेर आलो. समोर साडू ढिगावर हात ठेवून उभा. ढिगाचं प्लास्टिक वर होत होतं, खाली होत होतं. पंखा चालू असला की होतंच ते. मी स्वतःला हेच सांगितलं, आणि माझ्या थंड ढिगाकडे गेलो, आणि त्याच्यावर हात ठेवून पाहिला. खोटं कशाला बोलू. वाटलं, त्याला मिळालं ते मला पण का नाही?

६

जेवणाच्या सुट्टीत पंखे बंद करतात. सगळे शेडमध्ये बसतात. भर दुपार, कावळासुद्धा नाही, प्लास्टिकवरून नुसती झळ उठतेय. मी डबा उघडला नाही. जळणाऱ्या माणसाला चोरवाट बरोबर सापडते. मी खडीचा रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. हातात नमुन्याचा चमचा आणि एक रिकामी बाटली. विचार असा, की त्याच्या ढिगातली चांगली माती थोडी आणून आपल्या ढिगात टाकू, विरजण लावतात तसं. लबाडी नव्हे. उसनवारी.

जाताना मागे वळून पाहिलं. शेडमध्ये साडू स्पष्ट दिसत होता. मध्ये बसलेला, सगळ्यांना पाणी वाढत होता. हे मुद्दाम सांगतोय. तो तिथे होता.

पंखा बंद होता. प्लास्टिक वर-खाली होत होतं.

वारा असेल म्हटलं. बोट ओलं करून वर धरलं. वारा नव्हता.

मग वास आला. रंगाचा नाही, तेलाचा नाही. तंबाखूचा. ओल्या, चघळलेल्या तंबाखूचा, आणि मागून त्याच्या घामाचा, आणि त्याच्या जुन्या स्वेटरचा, जो मी एकदा नेला होता आणि परत दिला नव्हता. हवा ओढायची नळी जमिनीलगत बाहेर आलेली असते. मी गुडघ्यावर बसलो, गुडघे कुरकुरले, आणि नळीला कान लावला.

आत कुणीतरी थुंकलं. पिच्च.

नळीत पाणी साचलं की असा आवाज होतो. मी धंद्यातला माणूस आहे, मला नळ्यांचे सगळे आवाज माहीत आहेत. मी स्वतःला समजावत होतो आणि कान मात्र काढत नव्हतो. आणि तेवढ्यात नळीतून, अगदी जवळून, घोगऱ्या, चिडक्या, ओळखीच्या आवाजात तो शब्द आला.

मी उत्तर दिलं. सवयीने. "काय रे पिचकारी," म्हटलं.

प्लास्टिक एका जागी आतून फुगलं.

मी कडेची वाळूची पिशवी बाजूला केली आणि कोपरा उचलला. एवढासा, वीतभर. आत माती होती, पण फिकी नव्हे. काळीकुट्ट, तेलकट, वाफाळणारी. आणि मातीतून बोटं आली होती. मला हसू आलं, देवाशपथ. म्हटलं, बाईंनी उलटवला डाव, माझाच हातमोजा मला! पण हातमोज्याला नखं नसतात. दोन बोटं पिवळी होती आणि अंगठ्याचं नख काळं. ती काही मागत नव्हती, धरत नव्हती. खाटेखाली चपला चाचपाव्यात तशी इकडेतिकडे चाचपत होती. इतकी वैतागून, की मला माहीत होतं पुढे काय बोलणार ते.

मी चमचा मारला. कुठे मारला ते विचारू नका. बाटलीत माती पडली, मी झाकण लावलं, कोपरा सोडला.

"जेवलास का?"

मागे साडू उभा होता. पावलं वाजली नव्हती. स्वच्छ, हसरा. तोंडाला वास नाही, अंगाला नाही, उन्हात उभा असून कपाळावर घाम नाही. माझ्या हातातल्या बाटलीकडे त्याने पाहिलं नाही. वाकला, प्लास्टिकचा कोपरा सारखा केला, आणि वरून दोनदा हलकेच थोपटलं.

"ऊन आहे," म्हणाला. "चल, मी पाणी देतो तुला."

७

बाटली माझ्या घरी आहे. हे लिहितोय तेव्हा समोर आहे, खिडकीत. आमच्या हिला सांगितलंय, पोट साफ व्हायचं औषध आहे, वास घाण आहे, हात लावू नकोस.

ही बाहेर गेली की मी झाकण उघडतो. आधी वास येतो. मग ते येतं, बारीक, खोल, विहिरीत बोलल्यासारखं. तो शब्द. मग आमचं सुरू होतं. स्कूटर कुणाची आधी आली, सासरे कुणाला जास्त मानायचे, स्वेटर कुठे आहे. तो मला चोर म्हणतो, मी त्याला टकल्या म्हणतो. इतकी मजा मला चांगल्या धडधाकट साडूबरोबर कधी आली नव्हती. आणि खरं सांगू? पहिल्यांदा वाटलं, जिंकलो. मेव्हणीकडे नुसता धुतलेला. खरा माल माझ्याकडे.

बाईंच्या फेरतपासण्या संपल्या, त्याचा ढीग पासच निघाला. हिरवी झेंडी. माती परत खड्ड्यात जाणार म्हटल्यावर मी फाटकात आडवा उभा राहिलो. "पुरू नका," म्हटलं, "माणूस आहे आत." सगळ्यांना माझा हातमोजा आठवला, सगळे हसले. डंपरवाला एवढा हसला की त्याने डंपर बंद केला. साडूसुद्धा हसला, प्रेमाने. फक्त बाई हसल्या नाहीत.

बाजूला घेऊन म्हणाल्या, "काही पुरावा आहे? नमुना काढलात?"

काढला होता.

"द्या. मी स्वतः तपासते. शब्द देते, तोवर एक घमेलं हलू देणार नाही."

द्यायला हवी होती बाटली. मला कळत होतं. पण प्रयोगशाळेत नमुना वापरून संपवतात. आणि तिथला कोण तरी पोऱ्या झाकण उघडणार, नाक लावणार, आणि माझा साडू त्याच्याशी बोलणार! मला घालतो त्या शिव्या त्याला घालणार!

"नाही काढला," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग हात वर केला. डंपर निघाला. माती खड्ड्यात पडली, फिकी, पिठासारखी, त्यात काळं काही दिसलं नाही. वरून रोलर फिरला.

हल्ली आवाज बारीक झालाय. आधी भांडायचा, मग नुसता तो शब्द म्हणायचा, आता झाकण उघडलं की श्वास लागल्यासारखं काहीतरी येतं आणि विरतं. काल बाटली उजेडात धरली तेव्हा कळलं. घाईघाईत भरलेली. वर अंगठाभर पोकळी. घाण मातीतून उठते, पोकळीत येऊन बसते, झाकण उघडलं की भुर्र. बाईंनी शिकवलं होतं, सगळ्यांदेखत.

मी रोज उघडत होतो.

आता उघडत नाही. घट्ट लावून ठेवलंय. थोडा उरलाय आत, एका वेळचा. तो जपून ठेवणार. हे लिखाण आज इथवर. तो शब्द उद्या लिहितो, सावकाश, चांगल्या अक्षरात.

८

वरचं सगळं लिहून ठेवलं होतं. मध्ये सुट्टीचा दिवस गेला. साडू आणि मेव्हणी जेवायला आली होती.

मेव्हणी माझ्यासमोर जेवायला बसली होती. मध्येच तिने माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि तिच्या नाकपुड्या हलल्या. बाटली बंद होती. तरी तिला आला असावा. इतक्या वर्षांच्या बायकोला येतो. ती उठणार होती. मला वाटलं, हिला द्यावी. हिची आहे खरं तर. झाकण उघडून एकदा नाकाशी धरली असती तर पुरलं असतं तिला. मी तसाच बसून राहिलो. मनात आलं, माझ्यासाठी मग काय उरणार?

तेवढ्यात साडू उठला. ताटं गोळा केली, वाट्या गोळा केल्या. जाता जाता खिडकीतली बाटलीही उचलली.

"ती राहू दे," मी ओरडलो. "औषध आहे ते!"

"मळ साठलाय नुसता," साडू म्हणाला.

मी धावलो, पण हे गुडघे. स्वयंपाकघरात पोहोचलो तेव्हा त्याने झाकण उघडलं होतं. बाटली तोंडाजवळ धरून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर, एकच क्षण, काहीतरी आलं. कपाळावर आठी. ओठ वाकडा. माझ्याकडे बघून त्याने तोंड उघडलं, आणि मला दिसलं की जिभेवर तो शब्द आहे. माझा शब्द.

मग आठी पुसली गेली. त्याने नळ सोडला. बाटली विसळली, बोट आत घालून कडेकडेने चांगली घासली, पुन्हा विसळली, उजेडात धरून पाहिली आणि ओट्यावर पालथी घातली. काळं पाणी मोरीत गोल फिरून गेलं.

"बघा," ही मागून म्हणाली. "गुणी माणूस."

मेव्हणी दारात उभी होती. पदर नाकाला लावून, वास येत होता म्हणून नव्हे, जात होता म्हणून.

साडूने ओला हात माझ्या डाव्या खांद्यावर ठेवला. थंड नव्हता. उबदार होता, ताप असल्यासारखा. "तुझ्याकडेही फार साठलंय रे," म्हणाला. "पुढच्या जागेवर माझ्या बाजूला ये. मुकादम मीच आहे. एकाच ढिगावर काम करू."

आज सकाळी आंघोळीला सदरा काढला तेव्हा आरशात दिसलं. खांद्यावर पाच बोटांचा ठसा. लाल नाही, काळा नाही, नुसता स्वच्छ. तिथे तीळ होता, तो नाही. दातांची खूण नाही. बाकी अंग माझं जुनं, सुरकुतलेलं, आणि मध्ये ते एवढं कोरं.

कागद घेऊन बसलोय. तो शब्द लिहायचा आहे. तुम्हाला कबूल केलं होतं. बेडूक आठवतो. कोट आठवतो. फोटोवाला आठवतो. तो कानाशी वाकला, तंबाखूचा वास आला, आणि म्हणाला. म्हणाला ते ओठही दिसतायत.

सकाळपासून बसलोय. दुपार झाली. राग यायला हवा, तो कुठे ठेवलाय ते सापडत नाही. साडूची स्कूटर आधी आली. बरं झालं, आली.

ही आत्ता बाहेरून आली. पिशवी ठेवली, माझ्याकडे पाहिलं. "अगं बाई," म्हणाली, "किती शहाण्यासारखे बसलात आज खुर्चीत."

ती आली तसा मी हसलो.